मालकाची शिष्यवृत्ती, बाबांचा नकार

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील परळच्या बाजूला एका कापड गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. १९८२ च्या संपात ते बाहेर पडले ते कायमचेच. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, आईने जेवणाचे डबे करून चार माणसांचं घर ओढलं. गिरणीच्या जागेवर आता टॉवर उभे आहेत आणि गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेला अर्ज अजून तसाच पडून आहे. अशात ताईंच्या मुलीला परदेशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेण्यासाठी एका ट्रस्टची मोठी शिष्यवृत्ती मिळाली. हा ट्रस्ट नेमका त्याच गिरणीमालकांच्या घराण्याचा. आजोबांनी एका वाक्यात विषय संपवला: "त्यांचा पैसा या घरात येणार नाही." ताईंचे भाऊ म्हणतात, या लोकांनी इस्पितळं नि कॉलेजं काढली नसती तर आपलं काय झालं असतं? मुलगी दोघांच्या मध्ये सापडली आहे. होकार कळवायला तीन आठवडे उरलेत. ताई विचारतात, "हे गिरणीमालक होते तरी कोण? रक्त पिणारे की दानशूर? तुम्ही एकदा निकाल द्या, म्हणजे मला बाबांना सांगता येईल."

प्रिय ताई,

असा निकाल मी देणार नाही, आणि कुणी दिलाच तर तो घेऊन बाबांपुढे जाऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. या माणसांनी पैसा कसा मिळवला, हा एक. मिळवलेल्या पैशाचं त्यांनी काय केलं, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं मुंबईच्या इतिहासात बऱ्यापैकी स्पष्ट सापडतात. गोंधळ होतो तो एकाच्या उत्तराने दुसऱ्याचं उत्तर पुसायला गेलं की. तुमचे भाऊ इस्पितळांच्या नावाने पगाराची वही मिटवू पाहताहेत. बाबांना पगाराची वही आठवली की इस्पितळ दिसेनासं होतं.

आधी भावाच्या बाजूचं बघू, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. तुमचं बालपण परळलाच गेलं, तेव्हा हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तिथलं नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं आणि शेजारचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ चं. दोन्ही एका गिरणीमालक घराण्याने उभी केली. त्या काळी दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहायची, बाळंतपण तिथेच व्हायचं आणि मूल वर्षाचं होईल याची खात्री कुणाला नसायची. तिथून चार पावलांवर टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं इस्पितळ. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते १९४१ मध्ये सुरू केलं. आज गडचिरोलीपासून आसामपर्यंतची माणसं तिथल्या फुटपाथवर पथारी टाकून आपल्या नंबराची वाट बघतात. त्यांच्यासमोर उभं राहून हे सगळं नाव मिरवण्यासाठी केलं, असं म्हणायची माझी छाती नाही. तिथे जगलेलं माणूस खरोखर जगलेलं आहे.

आता दुसरी वही उघडू. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढची कितीतरी वर्षं सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद, एवढाच नियम होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये एवढं सांगायलासुद्धा १८८१ चा कायदा यावा लागला, आणि त्याच कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तास काम करायची मुभा दिली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची अडचण उरली नाही, तसे तास आणखी लांबले.

आपण सहज म्हणतो की रविवारची सुट्टी मिळाली. ती कशी मिळाली, हे तुमच्या मुलीला माहीत असायला हवं. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर गलबलून येतं. आठवड्यात एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात सापडून कुणी जायबंदी झाला तर भरपाई. महिना भरून वर पंधरा दिवस थांबायला माणसं तयार होती, ती एवढंच म्हणत होती की त्याहून उशीर नको. रविवारची मागणी मालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, सहा वर्षांनी.

हे सगळे मालक मनाने दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही. खरं तर हा प्रश्नच मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण व्यवस्था अशी होती की भल्या माणसाचा हातही तिकडेच वळावा. गिरणीची कंपनी भागधारकांची असायची, पण कारभार बघायचं मॅनेजिंग एजंटचं घराणं. सुरुवातीच्या काळात कित्येक गिरण्यांत या एजंटांचं कमिशन नफ्यावर नव्हतं, मालाच्या वजनावर होतं: पौंडामागे पाव आणा. गिरणी तोट्यात चालली तरी सूत निघतंय तोवर एजंटाला पैसे मिळायचे. मग यंत्र थांबवायचं कशाला? जेवणासाठी अर्धा तास तरी कशाला? बाबांच्या आधीच्या दोन पिढ्यांची हाडं झिजली ती एखाद्या शेटजीच्या रागालोभाने झिजली नाहीत, या पाव आण्याने झिजली. आणि १८९६ नंतर प्लेगच्या भीतीने कामगार गावाकडे पळाले, तेव्हा तेच मालक रोजच्या रोज पगार देऊन नाक्यानाक्यावर माणसं गोळा करू लागले. माणसं कमी पडली की ऐपत निघत होती.

बाबांना एक गोष्ट जरूर विचारा: धोटा, म्हणजे साच्यावर आडवं सूत नेणारं साधन, कसा भरायचे? जुन्या साच्यांवर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक बाहेर काढायला धोट्याच्या भोकाला तोंड लावून ते आत ओढून घ्यावं लागे. दिवसात कितीतरी वेळा. सुताबरोबर कापसाची धूळ छातीत जायची. साचाखात्यात पगार बरा मिळे. पण एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचं, हे कारण पुढे करून दलित कामगारांना त्या खात्यात येऊ दिलं जात नसे. हे करणारे बरेचसे सवर्ण कामगारच होते, मालकांनी ते चालू दिलं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला, तेव्हाही तो नाइलाजानेच ऐकला गेला. हे सांगते ते बाबांना गप्प करण्यासाठी नाही. अन्याय करणारे सगळे गादीवर बसलेले आणि सोसणारे सगळे एका रांगेत, असं चित्र काढलं तर आपल्याच माणसांवरचा एक अन्याय त्यातून निसटतो.

दोन्ही वह्या एकाच घराण्याच्या नावावर किती ठळक दिसतात, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याकडे टाटांचं आहे. जमशेटजींनी नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ मध्ये. साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या, पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच आला. तरीही त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. आणि मुळशी? पुणे जिल्ह्यातल्या मुळशी पेट्यात या उद्योगसमूहाच्या धरणासाठी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. भातशेतीची, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे उभे राहिले, 'जान किंवा जमीन' ही घोषणा झाली. अनेकांच्या जमिनी सावकारांकडे गहाण होत्या आणि रोख मोबदल्यात त्या सावकारांनाच रस होता. धरण झालं. त्याचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज तयार झाली आणि ती मुंबईला आली, गिरण्यांना, गाड्यांना. परळच्या साच्यांना लागलेल्या विजेत मुळशीची बुडालेली खाचरं आहेत.

मुळशीत जमीन गमावलेल्या माणसाला कॅन्सर हॉस्पिटलने ती परत दिली नाही. कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाने मुळशीचं काही बुडवलं नव्हतं. मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्या नावाच्या इस्पितळात १८४५ पासून मुंबईचा गरीब माणूस बरा होतो आहे आणि अफूने बरबाद झालेल्या चिनी कुटुंबांपैकी कुणाला त्याची पायरीसुद्धा दिसली नाही. ज्याचं गेलं तो एक, ज्याला मिळालं तो दुसरा. वजाबाकी करून 'एकूणात चांगले' किंवा 'एकूणात वाईट' असा आकडा काढणाऱ्याने ही दोन माणसं कधी समोरासमोर बसवलेलीच नसतात.

तुमच्या घरात, ताई, ती बसली आहेत. ज्याचं गेलं तो आजोबा आणि जिला मिळतंय ती नात. इतका त्रास होतोय तो म्हणूनच. त्यात तुमची, भावाची किंवा बाबांची कुणाचीही चूक नाही.

आता बाबांबद्दल. त्यांच्या वाक्याला हट्ट म्हणून मोडीत काढू नका. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख माणसं होती आणि तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही. तो विरत गेला. म्हणजे बाबांना कुणी येऊन 'संपलं' असं सांगितलेलंच नाही. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचा खेळ झाला. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकासाला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडामार्फत घरांसाठी जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. ज्या जमिनीवर कामगारांची घरं व्हायची ती अशी आकसली. अशा माणसाला "त्यांनी इस्पितळं बांधली ना" असं सांगणं म्हणजे तुझा हिशेब चुकता झाला, आता आभार मान, असं सांगणं. भावाला हे वाक्य घरात परत न बोलण्याची विनंती करा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ते बाबांच्या वर्मी लागतं.

शिष्यवृत्ती घेण्याच्या बाजूने मी तुम्हाला दोन गोष्टी सांगेन. पहिली म्हणजे हा पैसा सर्वस्वी 'त्यांचा' नाही. धर्मादाय ट्रस्टला उत्पन्नावर करमाफी मिळते ती उत्पन्नाचा मोठा भाग, साधारणपणे ८५ टक्के, सार्वजनिक कामावर खर्च करण्याच्या अटीवर. सरकारने जो कर सोडला तो आपल्या सगळ्यांचा होता. म्हणजे शिष्यवृत्ती देणं हे ट्रस्टचं कामच आहे आणि तुमच्या मुलीने ती अर्ज करून, मुलाखत देऊन, गुणांवर मिळवली आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मदत स्वीकारणं आणि निर्दोष असल्याचा दाखला देणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रस्टने तुमच्या मुलीकडून पहिलंच मागितलं आहे. दुसरं आपण मनाने जोडतो, उपकाराखाली दबून जोडतो. ते जोडायची गरज नाही. शिष्यवृत्ती घेऊनही ती म्हणू शकते की माझ्या आजोबांवर अन्याय झाला.

नकार देणंही सन्मानाचं आहे, हेही मी तितक्याच मनापासून सांगते. फक्त तो मुलीचा स्वतःचा असावा. मान आजोबांचा आणि हप्ते मात्र नातीने फेडायचे, अशी वाटणी नको. नकार द्यायचा तर आधी कागदावर मांडा: शैक्षणिक कर्ज किती, व्याज किती, परत आल्यावर आरोग्य क्षेत्रातल्या पगारातून ते किती वर्षांत फिटेल. सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांच्या जातप्रवर्गाच्या, उत्पन्नाच्या आणि मुदतीच्या अटी असतात. त्यात ती बसते का, हे याच आठवड्यात बघा. सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली गिरणी कामगाराची नात, कारखान्यातल्या माणसांच्या छातीत काय जातं ते समजून घेणारी नात, बाबांना अभिमान वाटावा अशीच असेल. पण हे मन वळवण्यासाठी वापरू नका. त्यांना सुचलं तर सुचू दे.

होकार द्यायचा ठरलं तर देकारपत्र ओळ न् ओळ वाचा. हे पैसे अनुदान आहेत की कर्जाऊ शिष्यवृत्ती? १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी सुरू केलेली मदतही कर्जरूपानेच दिली जात आली आहे, त्यामुळे 'शिष्यवृत्ती' या नावावर विसंबू नका. परत येऊन अमुक वर्षं त्यांच्याच संस्थेत नोकरी करण्याचं बंधन आहे का? फोटो आणि नाव जाहिरातीत वापरायची परवानगी मागितली आहे का? ती न देण्याची मोकळीक असेल तर विचारपूर्वक ठरवा. ट्रस्ट किंवा त्यांच्या कंपन्यांविरुद्ध बोलणार नाही अशी अट कुठे दडलेली असेल, तर मात्र मी म्हणेन, हात जोडून परत पाठवा.

असंच कोडं वेगळ्या रूपात पडलेले अनेक वाचक आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठीही. गावाजवळच्या कारखान्याने शाळेला वर्गखोल्या बांधून दिल्या आणि त्याच कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात येतं, अशी पत्रं मला येत असतात. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं कायद्याने २०१४ पासून लागू आहे. तेव्हा वर्गखोल्या जरूर घ्या. पण ग्रामसभेत शाळेचा ठराव आणि पाण्याचा ठराव वेगवेगळे लिहा, वेगवेगळ्या दिवशी घेतलेत तर उत्तम. देणगीच्या कागदावर 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य असेल तर ते खोडल्याशिवाय सरपंचांनी सही करू नये. आणि ज्यांच्या घरचं कुणी कारखान्यात आजारी पडलं किंवा गेलं, त्यांनी मालकाने माणुसकीने दिलेले पैसे घेताना ते भरपाईच्या हक्कापोटी आहेत की वेगळे, हे लेखी घ्यावं.

तुमच्या घरीही हेच करा, ताई. नातीने शिष्यवृत्ती घेतली म्हणजे आपण घराचा हक्क सोडला असं बाबांच्या मनात कुठेतरी असेल, तर तसं होत नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. त्यांचं गिरणीचं तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, ईएसआयचं कार्ड, रजेचं पुस्तक, पगाराच्या चिठ्ठ्या, जे काय ट्रंकेत असेल ते बाहेर काढा. संपाच्या सुमारास गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा म्हणून घराच्या अर्जासाठी हेच लागतं. मुलीला सांगा, आजोबांच्या शेजारी बसून प्रत्येक कागद स्कॅन कर आणि अर्जाचं पुढे काय झालं त्याचा पाठपुरावा जाण्याआधी तूच सुरू कर. आजोबांच्या बाजूने घरात कुणीतरी धडपडतंय, हे त्यांना पहिल्यांदा दिसेल. शिष्यवृत्तीचा विषय त्यानंतर काढा, आधी नको, आणि तो तुम्ही न काढता तिलाच काढू द्या.

बहुतेक ट्रस्ट स्वीकृतीच्या वेळी विद्यार्थ्याकडून स्वतःबद्दल आणि कुटुंबाबद्दल पानभर लिहून घेतात. 'माझे आजोबा निवृत्त आहेत' असं गुळमुळीत लिहून ते पान वाया घालवू नये. आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती साली लागले, १९८२ मध्ये त्यांचं काय झालं आणि त्यांची देणी व घर यातलं काय अजून बाकी आहे, हे सभ्य शब्दांत आणि नावनिशीवार लिहावं. त्यात कटुता नको, लाचारीही नको. तपशील बाबांकडूनच घ्यावे लागतील, तेव्हा त्यांच्या संमतीशिवाय ते पान पाठवू नये. वर्षं आणि नावं त्यांच्याकडून तपासून घ्यावीत. त्यांनी नाही म्हटलं तर त्यांच्याबद्दल लिहू नये, पण शिष्यवृत्तीचं काय करायचं ते तरीही तिनेच ठरवावं.